हिंदुस्तान-तिबेट रस्ता आणि बोनकोड्याचा बाळाराम

माझी पोस्टिंग हिमाचलात, हिंदुस्तान-तिबेट रस्त्यावर होती. मी हवालदार, डोझर ऑपरेटर. आता खारघरला राहतो. सोसायटीतली मुलं विचारतात, "काका, किती गोळ्या झाडल्या?" एकही नाही. मी दरडी उपसल्या.

तो रस्ता इंग्रजांनी बांधला, असं म्हणतात. साहेब घोड्यावर बसून बघत होता. कडे फोडले ते गावागावातून बेगारीला धरून आणलेल्या माणसांनी. त्यातले दरीत किती गेले, कोणी मोजलं नाही. खेचरांची ती वाट पुढे फौजेसाठी रुंद झाली, ट्रक धावू लागले. डोंगर मात्र तोच. वरून दगड यायचे ते यायचेच.

म्हणून आमच्यात एक पद्धत होती. डोझर चालू असताना एक जवान कामाकडे पाठ करून फक्त वर बघत उभा राहायचा. हातात लाल झेंडी, तोंडात शिट्टी. माझ्यासाठी हे काम नायक बाळाराम करायचा. खारघरच्याच बाजूच्या बोनकोडे गावचा, मिठागरात राबलेल्या बापाचा मुलगा. "दादा, तुमी खाली बगा, वर मी हाय," म्हणायचा. समोर चहा आणून धरला तरी गडी मान खाली करायचा नाही.

त्या दिवशी सकाळी मोठी दरड आली. पलीकडे अॅम्ब्युलन्स अडकली. आत वरच्या पोस्टवरचा आजारी जवान. वायरलेसवर डॉक्टर बोलले, "पेशंट सीरियस. ऑक्सिजन दुपारपर्यंतच. ओव्हर."

आम्ही कामाला लागलो. अर्ध्याहून जास्त ढिगारा निघाला होता, तेवढ्यात वरून पुन्हा दरड सुटली. बाळारामने शिट्टी वाजवली असणार, पण इंजिनच्या आवाजात मला ऐकू आली नाही. तो मागे पळाला असता तर वाचला असता. तो झेंडी हलवत माझ्यासमोर धावत आला. मी रिव्हर्स घेतला. तो उभा होता तिथे दगडमातीचा ढीग झाला.

मी उडी टाकली. मेजर साहेब ओरडले, "मशीन पर वापस! खुदाई जवान करेंगे. तुम रास्ता खोलो."

"साहब, वो नीचे है."

"मालूम है."

हुकूम म्हणजे हुकूम. डोंगराच्या बाजूला जवान हातांनी माती उपसत होते, मी दरीच्या बाजूने वाट काढत होतो. मी रडत होतो, सांगायला लाज नाही. अॅम्ब्युलन्स गेली. त्यानंतर बाळाराम सापडला. जीव नव्हता. अॅम्ब्युलन्समधला जवान वाचला.

आम्ही रस्त्याच्या कडेला त्याच्या नावाचा दगड बसवला. जाणारा प्रत्येक ड्रायव्हर तिथे एक हॉर्न द्यायचा. बोनकोड्याला गेलो की त्याचे वडील पहिला प्रश्न तोच करायचे, "हारन मारतान ना माज्या पोराला?" मी हो म्हणायचो. म्हातारा तेवढ्यावर जगत होता.

गेल्या महिन्यात जुन्या युनिटमधून फोन आला. तिथे बोगदा सुरू झाला, रस्त्याचा तो जुना तुकडा बंद. दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगावं, म्हणून गेलो.

"बाबा, आता गाड्या बोगद्यातून जातात. दगडाजवळून कोणी जात नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे आता वरना दगर परला, तरी कोन मरनार नाय?"

"नाही, बाबा."

"मंग बेस झाला," ते म्हणाले आणि खांद्यावरचा टॉवेल तोंडावर धरला.