बाबांनी उचललेलं खापर

मी शारजात राहते आणि दुबईत बसून इंग्लंडमधली गटारं काढते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग पगार वेळेवर होतो का ते विचारतात. होतो. आणि काढते म्हणजे कॉम्प्युटरवर काढते, हातात फावडं नसतं.

जुमेरा लेक टॉवर्समधल्या ज्या इमारतीत आमचं ऑफिस आहे, तिच्या खिडकीतून दिसणारी सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे समोरच्या टॉवरच्या काचेवरची धूळ. तिथे एसीत शाल पांघरून आम्ही काहीजणी इंग्लंडमधल्या एका खेडवळ काउंटीचा भूतकाळ स्वच्छ करतो. त्या देशात शेतात नवीन घरं बांधायची तर आधी खाली काय पुरलंय ते खणून बघावं लागतं. मग काही ओले इंग्रज चिखलात गुडघे टेकून बसतात, प्लास्टिकच्या शीटवर पेन्सिलीने नकाशे काढतात, आणि ते स्कॅन होऊन चिखलाच्या डागांसकट आमच्याकडे येतात. आम्ही डाग पुसायचे आणि रेघा ठेवायच्या. कधीकधी उलटंही होतं.

पुण्यात मी उड्डाणपुलांची ड्रॉइंग करायचे. तिथे रेघ चुकली तर पेपरात नाव येण्याची भीती. रोमन काळातल्या चराची रेघ चुकली तर इंग्लंडहून फक्त एक अतिशय नम्र ईमेल येते. तिच्यात दोन-तीनदा सॉरी असतं, आणि सॉरी तेच म्हणत असतात. ही ईमेल लिहिणारे त्या काउंटीतले मुख्य पुरातत्त्वज्ञ, म्हणजे आमचे साहेब. त्यांच्या अहवालांत ठाम असं काही नसतं. शक्यतो रोमन, बहुधा मध्ययुगीन, कदाचित चर. एकदा तर ‘कदाचित खड्डा’ असं लिहून आलं होतं. खड्डा आहे की नाही हेच जिथे ठरलेलं नाही, तिथे मी त्याला दोन दिवस लावून सुंदर गोल किनार काढली.

मला आवडलेलं एक काम मात्र होतं. एका खेड्यातल्या जुन्या चर्चच्या भिंतीचं. त्या भिंतीत मधूनमधून रोमन विटा होत्या. शेजारच्या शेतात रोमन जमीनदाराचा मोठा वाडा पडून होता, तर मध्ययुगातल्या गावकऱ्यांनी त्याच्या विटा गाडीत भरून आणल्या आणि देवाचं घर बांधून टाकलं. अहवालात याला ‘पुनर्वापर’ म्हटलं होतं. मी घरी येऊन ते कौतुकाने सांगितलं. सांगायला नको होतं.

कारण माझे सासरे, म्हणजे बाबा, तेव्हा पुण्याहून व्हिजिट व्हिसावर आमच्या शारजातल्या, अल मजाज भागातल्या फ्लॅटमध्ये राहायला आले होते. सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी बंगळुरूला गेल्या होत्या आणि बाबांना पुण्यात एकटं ठेवणं धोक्याचं आहे यावर घरात एकमत होतं. धोका बाबांना की पुण्याला, यावर नव्हतं. बाबा विमा कंपनीतून रिटायर झालेले आणि दर रविवारी कुठला तरी किल्ला चढणारे. जगात इतिहास एकाच ठिकाणी घडला आणि तो सह्याद्रीत घडला, असं त्यांचं शांत, पक्कं मत होतं. माझ्या लॅपटॉपवरचा रोमन शेतघराचा पाया बघून ते म्हणाले होते, “आपल्याकडे याला पडकं म्हणतात.” आणि ‘शक्यतो’ या शब्दाने तर त्यांचं डोकंच फिरायचं. विम्यात असं चालत नाही, माणूस मेला की नाही ते नक्की सांगावं लागतं, असं त्यांनी मला समजावून सांगितलं.

त्या हिवाळ्यात साहेब आम्हाला ट्रेनिंग द्यायला दुबईत आले. ऑफिसने त्यांच्यासाठी उंच इमारत, मोठा मॉल आणि उंटासकट वाळवंटातलं जेवण असा बेत केला होता. साहेबांनी सॉरी म्हणून तिन्ही नाकारलं आणि इथलं जुनं काही बघायला मिळेल का, असं विचारलं. ऑफिसमध्ये सगळ्यांनी फोनवर शोधायला सुरुवात केली. शेवटी साहेबांनीच सांगितलं की रास अल खैमात मध्ययुगातलं एक बंदर होतं, तिथे जायची परवानगी त्यांनी आधीच मिळवली आहे. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. शारजा वाटेवरच आहे, आणि तुला तर आर्किऑलॉजी येते, यल्ला, घेऊन जा. मी इंग्लंडमधल्या चरांना किनारी काढते म्हणून मला आर्किऑलॉजी येते, असं ऑफिसात सर्वमान्य आहे.

शनिवारी आमच्या गाडीतून आम्ही निघालो. नवरा गाडी चालवायला, साहेब त्याच्या शेजारी, मागे बाबा, मी आणि कानात हेडफोन घातलेली आमची मुलगी. नवरा सिमेंट विकतो आणि त्यासाठी दर आठवड्याला रास अल खैमाला जातो. तिथे सिमेंटपेक्षा जुनं काही आहे ही बातमी त्याला नवीनच होती.

पोचलो तर तारेचं कुंपण, एक पहारेकरी, आणि आत वाळूचे बुटके उंचवटे. त्यावर पांढरे शिंपले आणि खारट झुडपं. आम्ही गाव कुठे आहे म्हणून इकडेतिकडे बघत होतो आणि साहेबांनी त्या उंचवट्यांकडे बघून टोपी काढली. मग ते चालत चालत सांगायला लागले. इथे मशीद, इथून गल्ली, ही मातीच्या विटांची घरं, आणि चीनपासून इराणपर्यंतची जहाजं या बाजूला लागायची. मुलीने एका कानातला हेडफोन काढला, याची मी नोंद घेतली. साहेबांनी वाकून निळ्या नक्षीचा एक तुकडा दाखवला, तो चिनी होता. मग एक जाडसर तांबडं खापर उचललं, एका बाजूने काळं पडलेलं. ते म्हणाले की हे बहुधा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आहे. स्वयंपाकाचं भांडं. आणि त्यांनी ते जिथून उचललं होतं तिथेच, त्याच खळग्यात, हलकेच ठेवलं.

‘बहुधा’ या शब्दावर बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा हरकत घेतली नाही. ते खाली बघत मागेच रेंगाळले. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

साहेब इंग्लंडला गेले आणि पुढच्या आठवड्यात बाबांच्या चष्म्याची डबी बंद होईना. मी बघितलं तर आत चष्मा नव्हता, मऊ फडक्यात गुंडाळलेलं तेच तांबडं खापर होतं. मी ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं. कोणी काही बोलायच्या आत मुलीने फोनवर इथला कायदा शोधला आणि मोठ्याने वाचून दाखवला. जुन्या वस्तू उचलून नेणं हा इथे गुन्हा आहे.

“आजोबा, धिस इज टेक्निकली थेफ्ट,” ती म्हणाली.

बाबांनी शांतपणे वरण वाढून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “त्या इंग्रजांनी अख्खा वाडा उचलून चर्च बांधलं तर तो पुनर्वापर, आणि मी आपल्याच माणसाचं एक खापर आणलं तर चोरी?”

नवऱ्याकडे उपाय तयार होता.  त्याच्या मते ते घरासमोरच्या लगूनमध्ये, त्या खाऱ्या पाण्याच्या तळ्यात टाकायचं, खलास. बाबा एकदम भडकले. उद्या कोणी हे लगून उपसलं तर त्यात हे सापडेल आणि लोक म्हणतील इथे जुनं गाव होतं, तुम्हाला काही जबाबदारी आहे की नाही? बंदराचा माल खिशात घालून आणणारा माणूस आम्हाला जबाबदारी शिकवत होता, पण मुद्दा बरोबर होता. मी साहेबांना ईमेल केली. उत्तर तासाभरात आलं. आधी सॉरी होतं, ते अपेक्षितच. पण मग त्यांनी शक्यतो, बहुधा, कदाचित यांपैकी काहीही न वापरता एक वाक्य लिहिलं होतं: परत करा, आणि कुठून उचललं ते सांगा.

त्या शनिवारी बाबांनी कोट घातला आणि खिशात बीपीच्या गोळ्या ठेवल्या. अटक झाली तर घालायला म्हणून एक जादा बनियनही पिशवीत घेतलं.  तिथे पोचलो तर फाटक बंद. या वेळी आमच्याकडे परवानगी नव्हती, हे आम्हा तीन शिकल्यासवरल्या माणसांच्या तिथे पोचल्यावर लक्षात आलं. मुलगी घरीच राहिली होती, नाहीतर तिने आधीच सांगितलं असतं.

मी पहारेकऱ्याला शोधायला वळले, तेवढ्यात बाबांनी इकडेतिकडे बघितलं आणि कुंपणावरून खापर आत भिरकावलं. पहारेकरी नेमका झुडपाआडून आला. हा पेशावरकडचा, पांढऱ्या दाढीचा माणूस. त्याने खापर उचललं, फाटक उघडून बाहेर आला आणि ते बाबांच्या हातात परत दिलं.

“चाचा, कचरा इधर मत फेंको,” तो म्हणाला. “ये तारीखी जगह है.” तारीखी म्हणजे ऐतिहासिक.

बाबांनी त्यांच्या हिंदीत सांगायचा प्रयत्न केला की हा कचरा नाही, हा शेकडो वर्षांपूर्वीचा आहे. पहारेकऱ्याने खापराकडे बघितलं, बाबांच्या कोटाकडे बघितलं, आणि इतकं जुनं असेल तर घरी नीट सांभाळून ठेवा, असा सल्ला दिला. नवरा गाडीला टेकून हसायला लागला. बाबांना मात्र ते सहन झालं नाही. त्यांनी ताठ उभं राहून सांगितलं की तुमच्या वरच्या माणसाला बोलवा, मला कबुली द्यायची आहे.

वरचा माणूस म्हणजे तिथलं उत्खनन बघणारी, इथलीच, तिशीची एक इमाराती बाई निघाली. अंगात काळा पायघोळ अबाया, आणि खाली वाळूने भरलेले बूट. तिने आम्हाला शेडमध्ये बसवलं, खजूर आणि कॉफी पुढे केली. अटक करण्याआधी खजूर देतात का, असं बाबांनी मला मराठीत विचारलं. मग त्यांनी इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, उलट अपराधाला थोडी शोभाच आणली. तिने मध्येच न तोडता ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला: नेमकं कुठून उचललं?

आम्ही बाहेर गेलो. बाबांनी एक उंचवटा दाखवला. दोन पावलं गेल्यावर त्यांना दुसरा वाटायला लागला. नवऱ्याने तिसरा दाखवला. मी, जिला आर्किऑलॉजी येते, गप्प उभी राहिले. बाई तिघांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“ते कुठे होतं, कशाशेजारी होतं, यावरून आम्हाला काहीतरी कळलं असतं,” ती म्हणाली. “आता हे फक्त एक खापर आहे.”

बाबांनी कोटाची बटणं सोडली. कोट, गोळ्या, बनियन, एवढी सगळी तयारी शिक्षेची करून आले होते, आणि शिक्षा ही अशी निघाली.  मला स्वतःलाही जरा लाजल्यासारखं झालं. इंग्लंडमधला एकेक खड्डा नंबर देऊन, उंची मोजून, कुशीतल्या प्रत्येक विटेसकट काढायला लावतात, ही मी इतकी वर्षं इंग्रजांची हौस समजत होते.

निघताना बाबांनी तिला विचारलं की याची भरपाई करायला काही करता येईल का. तिने विचार करून सांगितलं की खणून काढलेली खापरं धुवायची खूप पडली आहेत, शनिवारी काही हौशी लोक येतात, तुम्हीही या. ही शिक्षा आहे का, असं बाबांनी विचारलं. ती म्हणाली, नाही, इन्शाल्ला आवडेल.

आणि मग दर शनिवारी नवऱ्याची सुट्टी रास अल खैमात गेली. टबात पाणी, हातात जुना टूथब्रश, आणि बाबा स्टुलावर बसून खापरं घासतायत. ज्या माणसाने जन्मात स्वतःचा चहाचा कप विसळला नाही, तो मेलेल्या लोकांची भांडी कडाकोपऱ्यातून साफ करत होता आणि शेजारच्या जर्मन बाईंना तुमचा ब्रश फार जोरात चालतो म्हणून सांगत होता. मी फोटो काढून सासूबाईंना पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. बाबांनी त्यांना ही भांडी ऐतिहासिक असल्याचं सांगितलं. आपल्या घरातलीही काही कालची नाहीत, असं म्हणून सासूबाईंनी फोन ठेवला.

शेवटच्या शनिवारी मी शेजारी बसून बघत होते. बाबांच्या हातात एका मोठ्या भांड्याचा काठ होता, काजळीने काळा. तो ते घासत नव्हते. काजळी घासायची नाही, तिच्यावरून काय शिजवलं ते कळू शकतं, हे त्यांना एव्हाना शिकवलं होतं. काठावरून खाली एक ओघळ गेला होता, करपून घट्ट झालेला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून तो जवळून बघितला आणि मला दाखवला.

“उतू गेलंय गं,” ते हळूच म्हणाले. “बोलत बसली असेल कोणाशी तरी.”

बूटवाली बाई जवळ आली आणि ते काय म्हणाले ते विचारलं. मी सांगितलं. तिने काठ हातात घेऊन ओघळावरून, न टेकवता, बोट फिरवलं, आणि आपली आजीही भात लावून शेजारी गप्पा मारायला जायची, असं म्हणाली. बाबांनी विचारलं, भात करपल्यावर आजोबा काय म्हणायचे? ती म्हणाली, समुद्रावर असायचे, त्यांना कळायचंच नाही. बाबा खूप वेळ हसले. मग त्यांनी तो काठ उन्हात, जाळीवर, बाकीच्या खापरांच्या शेजारी वाळत ठेवला, त्याच्याजवळ नंबराची चिठ्ठी नीट आहे ना ते बघितलं, आणि टबात हात घालून पुढचं उचललं.