ड्रम वाजवून बघा

गॅरेज झाडायला घेतलं की कोपऱ्यातून नटबोल्ट निघतात, तसे किस्से निघतात. मी फार शिकलेला नाही. जसे झाले तसे सांगतो.

माझं गॅरेज तंजावुरात, तिरुवैयारुच्या रस्त्याला. मुलगा तुळजा माझ्याच हाताखाली तयार झाला. पहिला धडा ड्रमचा. ड्रम न उघडता पान्याने खालून वर ठोकत जायचं. भरलेला तिथे ढब्, रिकामा तिथे ठण्ण. सहा वर्षांचा असताना त्याला ते जमलं. शाबासकी मी दिली नाही. द्यायला हवी होती.

*

मोठा झाल्यावर त्याने एक जुनी टर्बो स्पोर्ट्स कार आणली आणि लॅपटॉप लावून तिचा बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवला. मग म्हणाला, "अप्पा, हिला आता पंपावरचं पेट्रोल चालणार नाही. रेसिंग फ्युएल लागेल. हाय ऑक्टेन."

मी म्हटलं, "इंजिन आहे की जावई?"

कोइंबतूरहून पन्नास लिटरचा ड्रम आला.

*

एकदा मी हट्टाने साधं पेट्रोल भरलं आणि गाडी बाहेर काढली. तुळजा शेजारी लॅपटॉप घेऊन बसला. चढावर मी पाय दाबला आणि लगेच काढला.

"काय झालं, अप्पा?"

"टणटण करतंय. पिस्टन खाईल."

त्याने स्क्रीन बघितली. तिथे नॉकिंग, म्हणजे तीच टणटण, नंतर दिसलं! म्हणाला, "अप्पा, तुमचा कान विकत मिळेल का?"

त्या दिवसापासून तिला ड्रममधलंच.

*

आमचे राघवराव शाळामास्तर. त्यांची स्कूटर माझ्यापेक्षा थोडीच तरुण. "तुळजा, त्यातलं एक लिटर घाल रे. बघू या कशी उडते!"

तुळजाने समजावलं, की हे तेल जोर देत नाही, जास्त दाब सोसतं एवढंच. मास्तर ऐकतात का? घातलं. ओरत्तनाडूला जाऊन आले.

"कशी पळाली, मास्तर?"

"पळाली नेहमीसारखीच. वास मात्र रेसचा!"

*

आयुधपूजेला गॅरेजातल्या प्रत्येक वस्तूला गंध-कुंकू लागतं. जॅकला, पान्यांना, एअरच्या टाकीला. माझा मेकॅनिक सेल्वम भाविक माणूस. सगळ्यांना लावून ड्रमलाही लावलं. इथवर ठीक. मग पेटता कापूर घेऊन आरतीला ड्रमपुढे उभा!

"अय्यो!" तुळजाने उडी मारून ताट हिसकावलं आणि धावत रस्त्यावर नेलं.

सेल्वम रुसला. "मुदलाळी, देवाला भेदभाव नसतो." मी मालक म्हणून मला तो मुदलाळी म्हणतो.

मी म्हटलं, "देवाला नसतो. पेट्रोलला असतो."

ड्रमवरचं कुंकू मी अजून पुसलेलं नाही.

*

त्याच वर्षी तुळजा जर्मनीला गेला, एका रेसिंग टीमकडे. निघताना म्हणाला, "ड्रम आहे तोवर गाडी ठेवा. संपला की विकून टाका."

मी म्हटलं, "सरि, तसंच करू."

दर रविवारी सकाळी त्याचा फोन येतो. मी फोन बॉनेटवर ठेवतो आणि दहा मिनिटं इंजिन चालवतो. बॅटरी उतरू नये म्हणून. तिकडे तो इंजिन ऐकतो, इकडे मी.

एकदा सेल्वम म्हणाला, "मुदलाळी, तुळजाला एकदा घरी या म्हणा की."

मी म्हटलं, "बॅटरीचं काम आहे. तू तुझं बघ."

*

दोन दिवाळ्या गेल्या. गेल्या रविवारी इंजिन बंद केल्यावर तुळजाने विचारलं, "अप्पा, ड्रममध्ये किती उरलंय?"

"भरपूर."

"वाजवून दाखवा."

"आता हात ग्रीसचे आहेत. उद्या कर फोन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्वमने मला अंगणातली लांब नळी आणून दिली. नळही त्यानेच सोडला.

फोन आला. मी पाना घेतला आणि खालून ठोकत निघालो. ढब्. ढब्. ढब्. कुंकवाच्या वरही ढब्. थेट झाकणापर्यंत.



मग तुळजा म्हणाला, "अप्पा, दोन वर्षं दर रविवारी इंजिन चालवलंत. आणि ड्रम झाकणापर्यंत भरलेला?"

मी म्हटलं, "जपून वापरलं."

तो हसला की काय केलं, फोनवर नीट कळलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला.

"पोंगलला येतो, अप्पा. आता नळ बंद करा."