पोरींना ओळीत उभं न करणाऱ्या बाई

कुसुमबाईंची माझी पहिली गाठ माझ्याच पडवीत पडली. महाडच्या कॉलेजातली पक्की नोकरी सोडून, डोंगरवाड्यांतल्या मुलींसाठी पोलादपुरात वसतिगृह बांधायचं म्हणून त्या दारोदार मदत मागत होत्या. मला अक्षर येत नाही; माझी नात शेवंती हे लिहून घेते आहे. तेव्हा तिची सातवी झाली होती. पुढची शाळा खाली पोलादपुरात, मध्ये पावसाळी ओढा. वसतिगृह झालं तर शाळा, नाहीतर गुरं.

बाईंना मागता येत नसे, शिकवता येई. मुलींनी का शिकावं हे त्यांनी इतकं समजावलं की माझी भाकरी करपली. मी म्हटलं, "बाई, तास संपला. आता काय हवं ते मागा."

"तुमचा परसातला फणस," बाई म्हणाल्या. "दाराच्या चौकटीला लाकूड हवंय."

फणस गेला!

भिंती उठल्या आणि छपरापाशी गाडं अडलं. मुंबईचे एक शेटजी कौलं द्यायला तयार झाले. अट एकच: मुलींनी ओळीत उभं राहून घरची गरिबी सांगायची, ते फोटो काढणार. बाईंनी हात जोडले. "मुली शिकायला येणार आहेत, दाखवायला नाही." शेटजींची गाडी आली तशी गेली.

मी तणतणत पोलादपूर गाठलं. "अवो बाई, घटकाभर उभी राहून पोर झिजली असती काय? आता पाऊस काय तुमच्या पदरानं अडवायचा?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, शेवंतीला विचारलंत?"

घरी येऊन विचारलं.

"नाय गो आजे, मी नाय उभी रहायची. त्यापरीस गुरं राखीन."

मग वाडीतल्या बायांना हाका मारल्या. आम्ही गवताचे भारे उतरवले, पुरुषांनी वासे आणले, आणि पावसाआधी वसतिगृह शाकारलं. बाईही पदर खोचून शिडीवर चढल्या. त्यांनी लावलेलं गवत काढून पुन्हा लावावं लागलं, ते सोडा. कौलं पुढे आली, बिनअटीची.

आता बाईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. देवाने त्यांना धडधाकट गुडघे द्यावेत आणि भरपूर आयुष्य. अजून बऱ्याच परसांत फणस उभे आहेत. सत्काराच्या दिवशी वसतिगृहात राहून गेलेल्या साऱ्या मुली, लेकुरवाळ्यासुद्धा, दारापासून ओळीत उभ्या राहणार आहेत. पहिली माझी शेवंती. बाई, रागावू नका. त्यांना कुणी उभं केलेलं नाही.