दुल्माने मोकळं केलेलं बाकडं

आमच्या शाळेच्या वसतिगृहात दुल्माताईने अकरा वर्षं रस्सा ढवळला. त्यातली सहा वर्षं तो मी प्यालो. त्यात मांस शोधून शोधून माझी नजर इतकी तयार झाली, की पुढे त्याच शाळेने मला कारकून म्हणून ठेवून घेतलं. ताईचं मन कढईत नव्हतंच. ते मागच्या अंगणात उभ्या असलेल्या शाळेच्या व्हॅनखाली असायचं.

सप्टेंबर लागला की दूरच्या कुरणांवरच्या तंबूंतून मुलं गोळा करून आणायची, हे त्या व्हॅनचं काम. रस्ता म्हणाल तर नाही. चाकोऱ्या आहेत, आवडेल ती धरावी. तीस वर्षं लोदोई-गुआयनी ती हाकली. (गुआय हा आमच्याकडे वडीलधाऱ्याला लावायचा मान, लोदोईंना तो न लावणारा अजून जन्मायचाय.) यंदा त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. हेडमास्तर म्हणाले, लोदोई-गुआय किल्ली देतील तो ड्रायव्हर.

दुल्माताई पुढे झाली.

"पोरी, रस्सा आटला तर पाणी ओतता येतं. गाडीचं तसं नसतं."

"गुआय, तीस वर्षं तुम्ही तरी गाडीत दुसरं काय ओतलंत?"

म्हातारा हसला नाही. त्याने अट घातली: उत्तरेच्या कुरणातली नऊ मुलं, त्यांच्या पेट्यांसकट, एकाच खेपेत आणायची. दुसऱ्या गाडीने दोर लावून ओढली, की खेळ खलास. जमलं तर किल्ली, नाही तर कढई आहेच.

गंमत अशी, की एका खेपेत नऊ मुलं लोदोई-गुआयनीही कधी आणली नव्हती. कारण मागचं अख्खं बाकडं हत्यारांनी अडवलेलं होतं. तीन जॅक, पान्यांच्या दोन पेट्या, पहारी, साखळ्या, शिवाय कुणालाच नाव न सांगता येणारं एक लोखंडी धूड. हे एवढं साठलं ते आमच्या एका खोडीमुळे. प्रवासाआधी वाईट बोलायचं नाही. बोललं की घडतं. पट्टा तुटेल म्हणायचं नाही, 'पट्टा म्हातारा झालाय' म्हणायचं. आता एखादं हत्यार नको म्हणायचं, तर ते कशाला लागतं हे आधी बोलावं लागणार. मग कोण बोलतो! आलेलं हत्यार बाकड्यावर बसायचं, आणि मुलं एकमेकांच्या मांडीवर.

दुल्माताईने न बोलता चालणारी वाट काढली. अंगणात नमद्याची जाड लोकरी बसकर अंथरून गाडीखाली शिरली आणि एकेक पाना गाडीच्या नटांना लावून बघत सुटली. ज्याला या गाडीत नट सापडला नाही, तो गवतावर. दुपारपर्यंत गवतावर ढीग झाला. हातात राहिले चार पाने, एक पक्कड, एक पेचकस, चाकाचा लांब दांड्याचा पाना, एक जॅक, हवेचा पंप, पंक्चरचं सामान, तारेची गुंडाळी आणि नवा पट्टा. सगळं कापडात बांधून ड्रायव्हरच्या सीटखाली. मग स्वयंपाकघरातून मांस तोडायचा जाड पाट आणून तिने त्या गाठोड्यावर ठेवला.

"आता कढईपण घे!" लोदोई-गुआय म्हणाले. पण त्यांचा जीव गवतावरच्या आपल्या लाडक्या पहारीत अडकला होता. "हिला तरी ने गं."

"हिचं काम काय असतं, गुआय?" ताईने अगदी साळसूदपणे विचारलं.

म्हाताऱ्याने तोंड उघडलं, आभाळाकडे पाहिलं आणि मिटलं.

परीक्षा घ्यायला लोदोई-गुआय पुढच्या सीटवर बसले. जाताना काही झालं नाही. येताना नऊ मुलं नीट बसली आणि कारकून म्हणून बरोबर घेतलेला मी कुणाच्या तरी पेटीखाली. नदीकाठच्या चिखलात मागचं चाक बसलं, तेही हवा सोडून. जॅक लावला तर चिखलात जॅकच खाली जाईल, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. ताईने खाली पाट सरकवला, त्यावर जॅक ठेवला आणि जादाचं चाक चढवलं. लोदोई-गुआय खिडकीतून तपकीर ओढत बघत राहिले.

खिंड चढताना इंजिनाच्या पंख्याचा पट्टा गेला. नवा चढवला, पण डायनॅमो मागे रेटून धरल्याशिवाय तो ताणला जाईना.

"आता पहार असती तर!" लोदोई-गुआयचा चेहरा असा खुलला, जणू त्यांचाच घोडा शर्यत जिंकला.

ताईने चाकाच्या पान्याचा दांडा डायनॅमोच्या फटीत घातला. "ज्याला एकच काम येतं त्याने घरी बसावं, गुआय."

"मला म्हणतेस की पहारीला?"

"तुम्ही ठरवा. मी नट आवळते, दांडा कुणीतरी धरा."

मी पेटीखालून निघेपर्यंत म्हातारा गुडघे विसरून खाली उतरला होता. "असा नाही, वरून धरायचा असतो!" म्हणत त्याने सगळा भार दांड्यावर टाकला. पट्टा टणक झाला. आपण परीक्षक आहोत हे त्याला गाडीत परत चढताना आठवलं असावं, कारण हाताला लागलेलं वंगण त्याने घाईघाईने कोटाच्या आत पुसलं.

ऊन असतानाच आम्ही शाळेच्या फाटकात शिरलो. हेडमास्तरांनी मुलं मोजली आणि नऊ भरली तरी पुन्हा मोजली. लोदोई-गुआयनी कमरेची किल्ली सोडली आणि डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार देत पुढे केली. आमच्याकडे असं धाकट्याने थोरल्याला द्यायचं असतं.

"क्लच हळू सोडत जा," ते म्हणाले.

"तुमच्यापेक्षा हळूच सोडते, गुआय," दुल्माताई म्हणाली आणि दोन्ही हातांनी किल्ली घेतली.

मी ऑफिसात जाऊन फाटकावर लावायला सूचना लिहिली: वसतिगृहासाठी स्वयंपाकी पाहिजे. मांस सढळ हाताने घालणाऱ्यास प्राधान्य.