डाव्या हाताचा सात

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उघडला की भिला आबा चष्मा काढून खिशात ठेवत. मग बाही सारून डावा हात आत घालत आणि दातांवरून बोट फिरवत मनातल्या मनात मोजत. वर ठोकलेला नंबर सगळ्यात शेवटी. "नंबर माणूस ठोकस, माय," मला म्हणत. "तो खोटं बोलस. दात खोटं बोलत नहीत."

आबा धुळ्याकडचे. भेस्तानच्या आमच्या कारखान्यात यंत्रमागाचे गिअर बनत आणि त्यांच्यावर हातोडीने नंबर ठोकायचं काम आबांचं. परदेशी स्पोर्ट्स गाड्यांचा नाद त्यांना कुठून लागला, देव जाणे. पण लांबलांबचे शौकीन टेम्पोत गिअरबॉक्स घालून आणत. हा शर्यतीच्या गाडीतला की साध्या, एवढंच विचारायला. मी डिप्लोमा करून तिथे तपासणीला लागले, तेव्हा आबांनी पहिल्याच आठवड्यात रिक्षाचा गिअर तेलाने माखून माझ्यापुढे ठेवला. मी तो इटलीचा ठरवला. सगळे हसले. आबा हसले नाहीत. "आते मोज," म्हणाले.

पुढची आठ वर्षं मी मोजत राहिले. शर्यतीच्या गाडीत एका गिअरपासून पुढच्यापर्यंत दातांचा फरक थोडा असतो, म्हणजे बदलताना वेग पडत नाही. गिअरबॉक्स खरा असल्याच्या दाखल्यावर सही करील त्यानं स्वतः दात मोजायचे, हा आबांचा नियम. त्यांना मोतीबिंदू झाला आणि दाखल्यांवर माझी सही येऊ लागली. आई ते शेजारपाजारी सांगत फिरायची.

एकदा एका शेठची लाल गाडी आली. जुन्या शर्यतींमधली नावाजलेली, पण तिचा मूळ गिअरबॉक्स हरवलेला, त्याचा नंबर तेवढा कागदांवर होता. तो आता सापडला, असं शेठ म्हणाले. आबांनी नंबरावर कागद ठेवून, पेन्सिल घासून छाप घेतली आणि माझ्या हातात दिली. "दात मी मोजेल शेतस. तू सही कर."

मी केली.

सहा महिन्यांनी पर्वत पाटियाहून एक निवृत्त गृहस्थ रिक्षातून गिअरबॉक्स घेऊन आले. त्यांचे वडील तीच लाल गाडी शर्यतीत चालवत. दुरुस्तीला काढलेला बॉक्स घरीच राहून गेला होता. "लोक म्हणतात, पप्पा थापा मारायचे," ते म्हणाले. "तुम्ही एकदा बघा, बेन."

मी दात मोजले. शर्यतीचेच होते. आणि नंबर तोच, ज्याला मी शेठच्या बॉक्सवर खरा म्हटलं होतं.

फाइलमधली छाप काढली. त्यातला सात एका बाजूला खोल रुतलेला, जरा कललेला होता. डाव्या हाताची हातोडी. असा सात मी यंत्रमागाच्या हजारो गिअरांवर पाहिला होता. मी छाप उचलली आणि आबांकडे निघाले.

आबा बशीतून चहा पीत होते. मी छाप पुढे धरली. त्यांनी नाकारलं नाही. "शेठ गाडी भंगारमा देणार व्हता. मी नंबर ठोकी दिधा म्हणीसन वाचनी ती."

"मग सही मला का करायला लावलीत?"

"तुन्हावर लोक भरोसा करतस."

"आणि मी दात मोजले असते तर?"

त्यांनी बशी खाली ठेवली. "मी सांगं म्हणजे तू मोजाव नही, हाई माले माहीत व्हतं."

मी दाखला मागे घेतला. न मोजता सही केली, असं स्वतःच्या हाताने लिहून शेठला पाठवलं आणि एक प्रत त्या गृहस्थांना दिली. आबांचं नाव मी लिहिलं नाही. गृहस्थांनी उभ्याउभ्याच वाचलं. "पप्पा साचा हता," पप्पा खरे होते, एवढंच गुजरातीत म्हणाले. त्यानंतर माझी सही कुणी मागितली नाही, आणि मी आबांशी बोलले नाही.

त्यांनी मला फसवलं, हे एक वेळ गिळता आलं असतं. पण शेजारी बसवून आठ वर्षं ज्या माणसाने माझा भरोसा घडवला, त्यानेच तो एका दुपारी वापरून टाकला. मागच्या वर्षी आबा गेल्याचा फोन आला. मी गेले नाही. स्वयंपाकघरात उभी राहून खूप रडले, आणि त्या रडण्याचाही मला राग आला.