मध्ये न थांबणारी बस

जानेवारीतला एक रविवार, दुपारची जेवणं आटोपलेली. ठिकाण — जालन्यातलं आमचं घर, बाहेरची खोली. हजर — मी, माझे मिस्टर, धाकटे दीर सतीश आणि त्यांची बायको पल्लवी, माझी मुलगी रेवा, आणि सकाळच्या गाडीनं परतूरहून आलेल्या अक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. विषय — व्हिएतनामची सहल.

मला सगळं असंच मांडायची सवय आहे. बियाण्याच्या कंपनीत माल रवाना करण्याचं काम मी वर्षानुवर्षं करते. कोणता ट्रक कधी सुटेल, कुठे थांबेल, ड्रायव्हर कुठे जेवेल — हेच ठरवत आले. त्या रविवारी काय ठरलं, तेही मी चार ओळींत सांगू शकते. पण ते तसं का ठरलं, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मिस्टरांनाही नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे, पण सरळ जमेल असं वाटत नाही. जरा आडवळणानं जाऊ द्या.

आधी अक्का. लग्नानंतर आम्ही परतूरला एकत्रच राहत होतो. रेवा लहान असतानाच मला जालन्याची नोकरी लागली. सकाळच्या गाडीनं जायचं, अंधार पडल्यावर यायचं. रेवाची अंघोळ, तिची आजारपणं, तिची पहिली पाटी — सगळं अक्कांनी केलं. रेवा त्यांना मोठी आई म्हणायची. मी घरी यायचे तेव्हा पोर त्यांच्या मांडीवर झोपलेली आणि माझं ताट झाकून ठेवलेलं असायचं. मी आधी पोरीकडे धावले की त्या म्हणायच्या, "जेव आधी. पोर काय पळून चालली का कुठं?" त्या नसत्या तर मी नोकरी सोडली असती. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं का? — नाही.

पुढे आम्ही जालन्याला आलो. थोरले दीर गेले. अक्का परतूरलाच मुलगा-सुनेजवळ राहिल्या.

मग नाशिकचं एक लग्न. वऱ्हाडाच्या गाडीत अक्का सारखी गाडी थांबवायला लावत होत्या आणि मागे बसलेली पोरं हसत होती. शेवटी शेवटी त्यांनी सांगणंच सोडलं. नाशिकला उतरलो तेव्हा मी त्यांच्या पाठीला चिकटून चालले — साडी ओली झालेली कुणाला दिसू नये म्हणून. कार्यालयाच्या न्हाणीघरात साडी बदलताना त्या म्हणाल्या, "लघवी धरवत न्हाई गं शोभा. लई दिवस झाले. तुलाच सांगून राह्यले, सुनेला बी न्हाई." त्या दिवशी मी नीट वागले. पॅड आणून दिले, गपचूप. डॉक्टरांना दाखवू, असंही म्हणाले. दाखवलं मात्र नाही. माझ्या कामांच्या यादीत ते बसलं नाही.

आता सहल. ती रेवाच्या डोक्यातून निघाली. तिला पुण्यात नोकरी लागली होती आणि मोठी आईला विमानात बसवायचंच, असा तिचा हट्ट. अक्कांचा सगळा खर्च ती करणार होती. अक्कांनी पासपोर्ट काढला. रेवानं त्यांना फोनवर तिकडचं 'धन्यवाद' शिकवलं — काम अन. अक्का म्हणाल्या, "काम अन् ऊन? ते तर आपल्या परतूरलाच हाय की. त्याला विमान कशाला लागतं?" पण दुसऱ्या दिवसापासून भाजीवाल्यालाही काम अन म्हणू लागल्या. तो बिचारा विचारायचा, बाई, हिशेबात काही चुकलं का?

प्लॅन मी करायचा, हे न बोलता ठरलेलं होतं. लोक आठवड्याभरात सहा शहरं कोंबतात आणि विमानतळच बघून येतात. मी तीनच घेतली — हनोई, दा नांग, हो ची मिन्ह. पोचल्याचा दिवस मोकळा. शहरातून शहरात विमानानं. दुपारी खोलीवर आराम. 'हा लाँग' नावाच्या खाडीकडे जायला अर्ध्या वाटेत थांबणारी बस. कुठल्या तळ्याकाठी बाकं आहेत, कुठल्या बाजारात स्वच्छतागृह आहे, हेसुद्धा मी लोकांचे व्हिडिओ बघून बघून शोधलं. कुणासाठी, ते कळलंच असेल.

आणि हे शोधता शोधताच — मला राग यायला लागला. जन्मात पहिल्यांदा देशाबाहेर निघालेली मी, आणि काय करते आहे, तर संडास शोधते आहे. मला पुढचं दिसायला लागलं. विमानतळावरची रांग, रांगेत अक्कांची चुळबूळ, हॉटेलची पांढरी चादर, पल्लवीच्या चेहऱ्यावरचं ते दाबलेलं हसू. आणि या सगळ्याच्या मागे, चिकटून चालणारी मी. आठ दिवस. मला लाज वाटली. त्यांची काळजी वाटली, असं आजपर्यंत मी स्वतःला सांगत आले. काळजी नव्हती ती. लाज होती. चारचौघांत त्यांच्यासोबत दिसायची लाज.

सरळ नाही म्हणता आलं असतं का? रेवानं ऐकलं नसतं. कारण विचारलं असतं. मग मी दुसरा प्लॅन केला. त्याला एक दुपार पुरली. तीच शहरं, तीच हॉटेलं. फक्त हनोईहून दा नांगला विमानाऐवजी रात्रभराची बस.

तो मी त्या रविवारी मोठ्यानं वाचून दाखवला.

मिस्टर म्हणाले, "विमान नाही का मधे?" मी म्हणाले, महाग पडतं. सतीशभाऊजींना चेव आला, "रात्रभर बस? म्हणजे आपली पुण्याची ट्रॅव्हल्सच की. ड्रायव्हर तंबाखू मळायला तरी थांबवीलच ना?"

"तिकडे नाही थांबवत," मी म्हणाले. "एकदा बसलं की सकाळीच उतरायचं. गाडीत सोय नसते."

हे शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं. ते मी एकाच माणसासाठी बोलले, आणि बोलताना कागदावरून नजर वर केली नाही. तिकडच्या बस थांबतात की नाही, ते मी बघितलंही नव्हतं. पाच जणांच्या देखत अक्का काय विचारणार होत्या? त्यांना विचारता येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं — त्यांनीच सांगितलं होतं मला. त्या चहा टाकायला उठल्या. कप घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं बाई. तुमी जाऊन या. गुडघे लई दुखून राह्यले."

त्यांचे गुडघे कधी दुखले नव्हते. परतूरच्या स्टेशनापासून घरापर्यंत त्या माझ्यापुढे चालायच्या.

रेवा रडकुंडीला आली. गळ्यात पडली, हात धरून बसली. आणि मी — मी म्हणाले, "अगं, आग्रह नको करूस. त्यांना त्रास होईल." अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, तेव्हा त्यांना बरंच वाटलं असावं. शोभानं सांभाळून घेतलं, असं.

दोन आठवड्यांनी मी जाणाऱ्या सगळ्यांना कळवलं की विमानाची तिकिटं स्वस्तात मिळाली, बस रद्द. रेवाचा लगेच फोन, मग आता मोठी आई येईल की! मी तिला म्हणाले, मी विचारलं त्यांना, तरी नकोच म्हणाल्या. विमानाची भीती वाटते त्यांना, पुन्हा विषय काढू नकोस. मी विचारलं नव्हतं. परतूरला फोनच केला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी अक्का स्वतः आल्या. धपाट्यांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, आणि रेवासाठी वेगळे लाडू. म्हणाल्या, तिकडं काय खाल, काय न्हाई.

सहल छान झाली. हे सांगणं जड जातं आहे, पण झाली. कुठे धावपळ नाही, कुणी दमलं नाही. हा लाँगला जाताना बस अर्ध्या वाटेत थांबली — मोठं दुकान, मोत्यांच्या माळा, आणि मागे ओळीनं स्वच्छ, कोरडे संडास. पल्लवी बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, कित्ती विचार करून ठरवलंय तुम्ही. प्रत्येक ठिकाणी बराबर सोय." मी हात धूत होते. बाजूच्या बाईला जागा देऊन बाहेर आले आणि बसमध्ये जाऊन बसले. हा प्लॅन अक्कांचा होता. त्यांच्या मापानं कापलेला. तो आम्ही पाचजणांनी वापरला.

परत आल्यावर परतूरला गेलो. अक्का तुरीच्या शेंगा सोलत होत्या. रेवा शेजारी बसून त्यांना मोबाइलवर फोटो दाखवत होती. खिडकीतून दिसणारा विमानाचा पंख आला. अक्का म्हणाल्या, "हे येतानाचं का?" रेवा म्हणाली, नाही गं, हे हनोईहून दा नांगला जाताना. बसलो काय, उतरलो काय.

अक्कांचे हात चालू होते. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "विमानात संडास असतो का गं?"

"असतो की. पुढे एक, मागे दोन."

"बरंय," त्या म्हणाल्या. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखाद्या बाईला कुठे तरी पाहिलंय, पण नाव आठवत नाही, तसं बघतात ना — तसं. आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी विचारलं, चहा ठेवू का?

त्यानंतर त्या माझ्याशी कधी तुटक वागल्या नाहीत. सणाला आल्या, पापड पाठवले, माझ्या बीपीची चौकशी केली. फक्त स्वतःबद्दल काही सांगेनाशा झाल्या. विचारलं की म्हणायच्या, मस्त हाय. मला ते सोयीचं होतं. मीही सगळं मस्त आहे असंच धरून चालले.

मस्त नव्हतं. पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेल्या बाईला पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं, आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नाही. सुनेला धुण्यात डाग दिसले तेव्हा कळलं. जालन्याचे डॉक्टर झाले, मग संभाजीनगरचे. सगळीकडे तेच — आधी का नाही आणलं? त्यांच्या तपासण्यांची फाइल मी लावली, औषधांच्या वेळा मी लिहिल्या, दवाखान्यात कुणी कधी थांबायचं ते मी ठरवलं. नर्स मला म्हणायची, मावशी, तुमच्यासारखं कुणी करत नाही. हो. करत नाही.

एकदा खोलीत आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "अक्का, मला का नाही सांगितलंत?"

त्या पांघरुणाची कड नीट करत होत्या. म्हणाल्या, "सांगितलं की चार लोकांत जातं गं."

मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण चार लोकांत वापरलं होतं, आणि ते त्यांना कळलं होतं. माफी मागायला किती वेळ लागतो? ट्रक भरायला लागतो त्याहून खूप कमी. नर्स आली, सलाइन बदललं, मी बाटल्या मोजल्या.

आधी कळलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला इतकंच माहीत आहे की त्यांचं असं काही सांगायचं एकच ठिकाण होतं, आणि ते मी बंद केलं. एका दुपारीत.

अक्का गेल्या. तेराव्याला माणसं जेवत होती. रेवा वाढता वाढता कुणाला तरी सांगत होती, "आम्ही किती मागे लागलो होतो. पण मोठी आई विमानाला फार घाबरायची." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसतही होती. मी पलीकडच्या पंगतीत पाणी वाढत होते. तांब्या घेऊन पुढे गेले.

आता घरात, नात्यात, सगळीकडे हेच झालं आहे. अक्का भित्र्या होत्या. परवा सतीशभाऊजीही म्हणाले, थोरली वहिनी जुन्या वळणाची, तिला काय विमान झेपणार.

रेवा या शनिवारी येते आहे. मागच्या वेळी आली तेव्हाही मी ठरवलं होतं, त्याच्या आधीही. तिला सांगायचं आहे की तिची मोठी आई कशालाच घाबरली नव्हती.

अजून सांगितलेलं नाही.