दर सोमवारचा सौदा

गौतम गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानवतच्या बाजारात एका बोकडाच्या सौद्यात होतो. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दस्ती, म्हणजे मोठा रुमाल टाकायचा आणि खाली एकमेकांची बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवतीच्या माणसांना कळू नये म्हणून. फोन वाजतच राहिला तेव्हा डाव्या हातानं घेतला. पूर्णेहून सुनंदावहिनी, गौतमच्या पत्नी, बोलत होत्या. "भाऊजी, हे गेले. आंघोळ करून आले अन् बसल्या जागीच..." समोरचा माणूस माझी बोटं दाबत होता आणि तो किती सांगतोय तेच मला कळेना. मी हात काढून घेतला. सौदा अर्धवट सोडला म्हणून तो चिडला, मीही त्याला चार शब्द सुनावले. मग शेळ्यांच्या दावणीपाशी बराच वेळ उभा राहिलो. खोटं कशाला लिहू, दुःख नंतर आलं, आधी राग आला. पंचवीसेक वर्षांपासूनचं एक भांडण आमच्यात मिटायचं राहिलं होतं आणि हा माणूस ते तसंच टाकून निघून गेला होता.

आम्ही दोघं पिंगळीचे. त्याचे वडील रेल्वेत गँगमन, आमच्या घरी शेळ्या-मेंढ्या. बारावीला मला बरे मार्क पडले आणि तिथंच घात झाला; घरच्यांनी परभणीला बी.एस्सी.ला घातलं. गौतम तर रसायनशास्त्रासाठीच जन्मलेला. त्याच्याबरोबर मीही तोच विषय घेतला, आणि पहिल्या महिन्यातच कळलं की हे आपलं काम नाही. प्रयोगशाळेतला तो कुजक्या अंड्याचा वास शर्टात बसायचा आणि रात्री भाकरीलाही यायचा. पुस्तकातली समीकरणं मी पाठ करायचो ती अर्थ न कळता, परक्या मुलखातल्या गावांची नावं पाठ करावीत तशी. वडिलांना सांगून पाहिलं की मला शिकायचं नाही, मी धंद्यात येतो. ते शेळीचं दूध काढत होते. वर न बघता म्हणाले, "शेळ्यामागंच फिरायचं हाय तर डिग्री घेऊन फिर. कोण आडवलंय?"

दर सोमवारी मी पिंगळीच्या स्टेशनवर जायचो ते गौतमला सांगायला, की आजपासून माझं कॉलेज बंद. तो समजूत घालत बसायचा नाही. त्याला दस्तीखालची बोटं मीच गंमत म्हणून शिकवली होती. तो खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकायचा आणि खालून पाच बोटं दाबायचा. पाच आठवडे थांब. मी एक बोट दाबायचो. पॅसेंजर दिसेपर्यंत आमची ओढाताण चालायची आणि दोनावर येऊन मिटायची. दोन आठवडे काय, कुणीही काढतं. तीन वर्षं थांब असं तो एकदा जरी म्हणाला असता, तरी मी त्याच दिवशी पळालो असतो. हे त्याला बरोबर कळलं होतं. एखाद्या सोमवारी मी फारच वैतागलेला असलो की तो एका दिवसावरही यायचा. "आजचा दिवस ये, वजनं तेवढी करून दे. तुझ्यासारखा तराजू कुणाला जमतो बे?" ते खरं होतं. सगळ्या प्रयोगशाळेत तेवढी एकच गोष्ट मला यायची. तो क्षार ओळखायचा, मी तोलून द्यायचो, आणि दिवस निघून जायचा. अशा तुकड्यातुकड्यांनी मी दोन वर्षं काढली. पार बेजार होऊन काढली, पण काढली.

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर रेल्वेच्या पासासाठी दाखला आणायला कॉलेजच्या ऑफिसात गेलो. तिथल्या क्लार्कला आम्ही बाबूजी म्हणायचो. दाखल्यावर शिक्का मारता मारता ते हसत म्हणाले, "तुमचे उपकार हायेत आमच्यावर. दहा पोरं भरल्याबिगर तिसऱ्या वर्षाला केमिस्ट्री चालवता येत नव्हती. गौतमनं तुम्हाला दहावा म्हणून आणलं, म्हणून तर वर्ग निघाला." मी तडक परभणीचं स्टेशन गाठलं. गौतम बाकावर जर्नल लिहीत बसला होता. मी त्याची कॉलर धरली.

"मेंढरू हाय का मी? डोकी मोजायला धरून ठेवलं व्हय रे मला?"

तो म्हणाला, "मोजलं. खरं हाय."

"अन् त्या टॉवेलाखाली काय चाललं होतं मग?"

"तुला जायचं आसंल तर जा," तो म्हणाला, आणि पडलेलं जर्नल उचलून त्यावरची धूळ झटकायला लागला.

सफाई दिली असती तर मी दोन ठेवून दिल्या असत्या आणि प्रकरण संपलं असतं. पण तो जर्नल पिशवीत टाकून गाडीत चढला. पुढच्या सोमवारी पुन्हा टॉवेल घेऊन हजर. मी त्याच्याशी बोलत नव्हतो, पण बोटं दाबली. का दाबली, आजही नीट सांगता येत नाही... बहुतेक सवयीनं. परीक्षेपर्यंत आम्ही असेच, तोंडानं अबोला आणि हातानं सौदा. मी काठावर पास झालो. तो पहिल्या वर्गात आला, पुढं पूर्णेला शिक्षक झाला. मी शून्यातून धंदा उभा केला आणि त्यात त्या डिग्रीचा काडीचा उपयोग झाला नाही. हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो. पुढं बोलणं सुरू झालं, येणं-जाणं झालं, पण प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला चार माणसं जमली की मी त्याच्यासमोर ती गोष्ट सांगायचो. "ह्यानं मला कळपात मोजलं." लोक हसायचे. तोही हसायचा, आणि पानात वाढलेलं खाली बघून खात राहायचा.

त्याच्या पुण्यानुमोदनाला पूर्णेला गेलो. वंदना झाली, जेवणं झाली. तिथं बाबूजी भेटले, आता काठी टेकत चालतात. मी सवयीनं त्यांच्यापुढंही माझं गाऱ्हाणं काढलं. ते म्हणाले, "आसं कसं? दहाची यादी विद्यापीठाला ऑगस्टात जायची. एकदा गेली की वर्ग पक्का. मग चार पोरं राहिली तरी कोण विचारतंय? तिघं सोडून गेलेच की त्या वर्षी."

मी विचारलं, "गौतमला माहीत होतं हे?"

"यादी त्यानंच तर लिहून दिली मला. माझं अक्षर खराब."

उभा जन्म मी सौदे करण्यात घालवला. समोरच्याला माल किती हवाय हे मी त्याच्या चालण्यावरून ओळखतो. आणि एवढी साधी गोष्ट मी इतकी वर्षं मांडून पाहिली नाही. ऑगस्टनंतर माझं डोकं त्याच्या काही कामाचं नव्हतं. दिवाळीनंतर मी त्याची कॉलर धरली तेव्हाही नव्हतं. तरी तो प्रत्येक सोमवारी, शिव्या खाऊन, टॉवेल घेऊन उभा राहिला. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रागाला कारण सापडलं होतं, ते मला पुरत होतं. आता ते कारणही राहिलं नाही, आणि हलकं काही वाटत नाही. नुसता थकवा आलाय.

निघताना चपला घालायला म्हणून, तो घरी शिकवणी घ्यायचा त्या खोलीत दारापाशी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिच्यावर टेकलो. बाकी सगळे बाक भिंतीकडं, ही एकटीच उंबऱ्याला लागून. वहिनी म्हणाल्या, "तिथंच बसलात व्हय? ज्या लेकराला विषय आवडत न्हाई ना, त्याची खुर्ची हाय ती. हे म्हणायचे, त्याला आत कोंबू नका. जाता येतंय एवढं दिसू द्या त्याला."

"गेलं का कुणी?"

"काही गेले. मग ह्यांना जेवण जायचं न्हाई. त्या पोराच्या घरी एक चक्कर मारून यायचे."

एका पायात चप्पल घातली होती, दुसरी तशीच राहिली. दार सताड उघडं होतं आणि परभणीकडं जाणाऱ्या गाडीची वेळ झाली होती. वहिनींनी विचारलं, "चहा ठेवू का आणखी?"

मी म्हणालो, ठेवा.